घोड्यामागे डॉलर किती?

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला वेगाबद्दल फारसं मत नसतं. किमतीबद्दल असतं. एखादी वस्तू किती धावते यापेक्षा ती कितीला पडते, हे त्याला आधी दिसतं. त्यामुळे ‘परवडणारी स्पोर्ट्स कार’ नावाची एक जात जगात आहे असं कळलं, तेव्हा मला कुणीतरी ‘साधासुधा राजवाडा’ म्हटल्यासारखं वाटलं. स्पोर्ट्स कार म्हणजे आमच्या लेखी शुद्ध चैन. धड दोन माणसं बसणार, सामान मावणार नाही, आणि एवढं करून ती नेणार कुठे, तर जिथे बस जाते तिथेच! न लागणारी वस्तू निम्म्या किमतीत मिळाली तरी ती महागच, हे आम्हांला लहानपणी आईने शिकवलं, पुढे बी. कॉम.ला प्राध्यापकांनी तेच इंग्रजीतून शिकवलं आणि त्याची फी घेतली.

तरीही मला या विषयात पडावं लागलं, ते भाच्यामुळे. भाचा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरी नोकरीला असतो. त्याचं शिक्षणाचं कर्ज नुकतंच फिटलं. एक कर्ज फिटलं की माणसाला हलकं वाटतं, आणि हलक्या माणसाला दुसरं कर्ज सुचतं. त्याने तीन गाड्या हेरून ठेवल्या. तिन्ही २०२२ सालच्या, एका हाताने वापरलेल्या. कारण कोरी त्याला झेपत नाही आणि फार जुनी त्याच्या आईला पटत नाही. मला म्हणाला, “मामा, तू कॉमर्सवाला. तिघींत पैसे वसूल कोणती, तेवढं सांग.” त्याच दिवशी ताईचा फोन आला. म्हणाली, “तू त्याला एकच सांग, तिन्ही नकोत. आम्ही तिकडे गेलो की बसायचं कुठे? छपरावर?”

म्हणजे एकीकडे भाच्याची तीन-चार वर्षांची बचत आणि दुसरीकडे ताईची सीट. मी वहीत तीन खाती उघडली.

पहिलं खातं फोर्ड मस्टँगचं. टर्बो लावलेलं २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ३१० अश्वशक्ती. दुसरं टोयोटा जीआर ८६ चं. २.४ लिटर, २२८ अश्वशक्ती. हे खरं म्हणजे संयुक्त खातं आहे; गाडी टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून केली, इंजिन सुबारूचं, तयार होते सुबारूच्या कारखान्यात, आणि सुबारू तीच गाडी बीआरझेड या नावाने विकते. तिसरं खातं माझदा एमएक्स-५ चं, जिला अमेरिकेत मिआटा म्हणतात. २ लिटर, १८१ अश्वशक्ती. आता गंमत अशी, की २०२२ साली कोऱ्या असताना तिघींचा अमेरिकेतला सुरुवातीचा भाव २७ ते २८ हजार डॉलरच्या दरम्यानच होता. तराजूचं एक पारडं कंपन्यांनीच सारखं करून दिलं. आता दुसऱ्यात काय पडतं, ते बघायचं.

भाव सोयीसाठी सरसकट साडेसत्तावीस हजार धरला आणि अश्वशक्तीने भागला. मस्टँगमध्ये एक घोडा पडतो सुमारे ८९ डॉलरला, ८६ मध्ये १२१ ला आणि मिआटात १५२ ला. भाजी घेताना आपण जो हिशेब करतो, त्या हिशेबाने प्रश्न इथेच मिटला. मस्टँगच्या दुकानात घोडे जवळजवळ निम्म्या दराने मिळतात. कुठल्याही शहाण्या माणसाने पिशवी उघडावी आणि मस्टँग भरून घ्यावी.

पण आमच्या धंद्यात नुसती जमेची बाजू बघून सही करायची पद्धत नाही. घोडे किती हे कळलं. त्यांना ओढायचं काय? मस्टँगचं वजन सुमारे १,६०० किलो, ८६ चं १,२७५, आणि मिआटाचं १,०६० च्या घरात. आता एकेका घोड्याच्या वाट्याला किती किलो येतात ते पाहा: मस्टँग ५.२, ८६ ला ५.६, मिआटाला ५.९. म्हणजे मस्टँगपाशी मिआटापेक्षा घोडे ७१ टक्के जास्त, पण दर घोड्यामागे ओझं कमी झालं ते जेमतेम १२ टक्क्यांनी. बाकीचे घोडे गेले कुठे? ते मस्टँगचंच वजन ओढताहेत! मोठ्या पगाराच्या माणसाचं असंच होतं. पगार मोठा, म्हणून घर मोठं. घर मोठं, म्हणून हप्ता मोठा. आणि महिनाअखेरीला तोही आपल्याइतकेच पैसे मोजत बसलेला असतो.

ही गोष्ट लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने फार पूर्वी ओळखली होती. गाडी वेगवान करायची तर इंजिन वाढवण्याआधी वजन काढा, हा त्याचा मंत्र. इंजिन वाढवलं की सरळ रस्त्यावर फायदा होतो. वजन काढलं की वळणावर, ब्रेक लावताना, टायर झिजताना, पेट्रोल भरताना, सगळीकडे होतो. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचं तर उत्पन्न एकाच डोक्याचं वाढतं, काटकसर सगळ्या घरात फिरते.

मोटारींच्या मासिकांना मात्र हे पुरत नाही. त्यांच्या तुलनेचा गाभा म्हणजे शून्यापासून ताशी साठ मैलांपर्यंत जायला किती सेकंद लागतात. आमच्या या तिघी त्या परीक्षेत सहा सेकंदांच्या अलीकडे-पलीकडे येतात. त्या अलीकडे-पलीकडेवरून मासिकवाले पानंच्या पानं भरतात आणि एक दशांश सेकंदासाठी एकीला पास, दुसरीला नापास करतात. अहो, एक दशांश सेकंदात आमच्याकडे शिक्क्याचं झाकणसुद्धा निघत नाही! आणि सिग्नल सुटल्यावर सहा सेकंदांत साठ मैलांवर जायचं, तर पुढचा सिग्नल कुठे आहे, हे त्या तक्त्यात कुणीच लिहीत नाही. या तक्त्याने गाडीची किंमत ठरवणं म्हणजे गवयाची योग्यता त्याचा श्वास किती सेकंद टिकतो यावर ठरवण्यासारखं आहे. श्वास हवाच; पण आपण मैफलीला काही घड्याळ लावून जात नाही.

या जातीचा पूर्वेतिहास पाहिला की मासिकांचा हा तक्ता आणखीच केविलवाणा दिसतो. १९५८ साली इंग्लंडात ऑस्टिन-हीली स्प्राइट नावाची गाडी निघाली. बॉनेटवर बेडकासारखे वटारलेले दोन दिवे, म्हणून तिचं नावच ‘फ्रॉगआय’ पडलं. इंजिन ९४८ सीसी, घोडे ४३. साठ मैल गाठायला वीस सेकंद. दाराला बाहेरून मूठ नाही, डिकीला झाकण नाही. सामान सीट पुढे वाकवून आतून कोंबायचं. कर धरून किंमत सातशे पौंडांच्या आत. अशा गाडीवर लोकांनी जीव टाकला, आणि आजही तिचे जुने नमुने जपणारे आहेत. पुढे १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर आली. तिचा सांगाडा म्हणजे ट्रायम्फ हेराल्डचाच आखूड केलेला सांगाडा. ही तीच हेराल्ड, जी मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून तयार व्हायची आणि आपल्याकडे डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी असायची. म्हणजे आपण ज्या गाडीतून सहकुटुंब देवदर्शनाला गेलो, तिचाच सांगाडा छाटून विलायतेत तरुण पोरं वारा प्यायला निघाली.

मस्टँगलाही तिचं कूळ विचारलं पाहिजे. १७ एप्रिल १९६४ ला ती बाजारात आली, २,३६८ डॉलरला. वरून देखणी, खालून फोर्डच्या साध्या फाल्कनचे भाग, आणि मूळ इंजिन १०१ घोड्यांचं. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. तीही स्वस्तातली मजाच होती. फरक एवढाच, की पुढे तिला खाणंपिणं मानवलं.

जपानात तर या काटकसरीची कमाल झाली. तिथे ६६० सीसीच्या आतल्या गाड्यांना करात सवलत असते, आणि या गटात ६४ घोड्यांच्या वर जायचं नाही असं कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं. एवढ्याशा अंगणात १९९१ साली होंडाने बीट काढली आणि सुझुकीने कॅपुचिनो. १९९२ साली माझदाने एझेड-१ काढली, जिची दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडायची. कॅपुचिनोचं तीन सिलिंडरचं इंजिन आपल्या मारुती ८०० च्या इंजिनाच्याच घराण्यातलं, टर्बो लावलेलं. वजन ७०० किलो. आपली मारुती मुकाट्याने शाळेच्या मुलांची ने-आण करत होती, तेव्हा तिची चुलत बहीण जपानात छप्पर काढून हिंडत होती!

आपल्याकडे ही जात रुजली नाही. १९९० च्या दशकाअखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी निघाली होती, फायबरच्या अंगाची, रेनोच्या छोट्या इंजिनाची. पण तिची संख्या फार वाढली नाही. आणि मस्टँग इथे २०१६ साली अधिकृतपणे आली, ती व्ही-८ इंजिन घेऊन आणि ६५ लाखांना. तिकडची पोस्टमनलाही जमणारी गाडी इकडे येताना विमानातच बिल्डरची झाली. म्हणून आपण ‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं की एकदम सिनेमातला नायक डोळ्यांसमोर आणतो, आणि बेडूकडोळ्यांची ती सातशे पौंडांची स्प्राइट आपल्याला दिसतच नाही.

मिआटा नेमकी त्या स्प्राइटच्या वंशातली. इंग्लंडातल्या या छोट्या उघड्या गाड्या १९८० च्या सुमारास संपल्या; चालवायला गोड, पण तेल गळणाऱ्या आणि पावसात रुसणाऱ्या. माझदाने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात तोच मसाला न गळणाऱ्या भांड्यात घालून मांडला. घोडे ११६, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, किंमत १३,८०० डॉलर. करणाऱ्यांनी डोळ्यांसमोर एक जुना जपानी शब्द ठेवला होता: ‘जिनबा इत्ताई’, घोडा आणि स्वार एकजीव. बघा, तिथेही घोडा आहे. पण त्यांनी घोडे मोजले नाहीत, स्वाराला विचारलं. २०१६ साली दहा लाखावी मिआटा तयार झाली. दोन माणसांच्या, डिकी म्हणवणाऱ्या कप्प्याच्या गाडीने दहा लाख गिऱ्हाइकं गाठणं, हे आमच्या विपणनाच्या पुस्तकात कुठेच बसत नाही.

८६ वाल्यांनी तर आणखी धाडस केलं. २०१२ साली पहिली ८६ आली तेव्हा तिला २०० घोडे होते, आणि टायर बसवले होते ते टोयोटाच्याच प्रिअसला, म्हणजे पेट्रोल वाचवणाऱ्या सोवळ्या गाडीला, मिळतात त्या जातीचे. मासिकांनी ओरड केली. पण त्यात विचार होता. रुंद, चिकट टायर लावले की गाडी भलत्या वेगापर्यंत रस्ता सोडत नाही. आणि सोडते तेव्हा चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. साध्या टायरवर गाडी कमी वेगातच कुजबुजते, की बाबा रे, आता मी सरकणार. २०२२ च्या मॉडेलमध्ये इंजिन मोठं झालं, मधल्या फेऱ्यांमध्ये पहिलीचा जो दम तुटायचा तो भरून निघाला. मी या गाडीला गुणांत बरंच वर ठेवतो. फक्त तिच्या इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडतात, ते मला पटत नाही. नट दुसरा, पार्श्वगायक दुसरा, हे सिनेमात ठीक आहे.

आता मुद्द्यावर येतो. वसुली म्हणजे काय? आपण किती विकत घेतलं, ही वसुली नव्हे. त्यातलं किती वापरलं, ती वसुली. भाच्याच्या गावाहून सुटीच्या दिवशी डोंगरात जाता येतं. तिकडे टेनेसीच्या हद्दीवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ म्हणून एक रस्ता आहे: ११ मैल आणि ३१८ वळणं. सगळ्या अमेरिकेतून हौशी लोक गाड्या घेऊन तिथे येतात. आणि वेगाची मर्यादा किती? ताशी ३० मैल. तीनशे अठरा वळणं, तीस मैलांची मर्यादा आणि तुमच्या बॉनेटखाली तीनशे दहा घोडे! त्यांतले बहुतेक सगळे तबेल्यातच बसून हरभरा खाणार. हरभऱ्याचं बिल मात्र तुमच्या नावावर. मिआटाचे घोडे कमी. पण गिअर बदलताना, वळणात शिरताना, निघताना तिच्याकडे जे आहे ते वापरात येतं, आणि पोलिसाला न दुखवता येतं. आपल्या घाटात एस.टी.चा जुना ड्रायव्हर लाल डबा काढतो तेव्हा त्या इंजिनातलं चिमूटभरसुद्धा शिल्लक राहत नाही; म्हणून तर पुढच्या बाकावरून त्याचे हात पाहत राहावेसे वाटतात. दिखाऊ मोटारवाला शेजारून सुसाट निघून जातो, त्याचे हात कुणी पाहत नाही.

मिआटाच्या विरुद्ध बाजूही लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यावर पक्षपाताचा ठपका येईल. उंच माणसाला ती अंगरख्यासारखी नव्हे, बनियनसारखी बसते. हमरस्त्यावर आवाज फार. तास-दोन तासांनी कान विश्रांती मागतात. डिकी १३० लिटरची, म्हणजे दिवाळीचा फराळ आला तर चिवडा की चकली हे ठरवावं लागेल. आणि ज्याने मी खरोखर व्यथित झालो ते असं, की समोर कागदपत्रं ठेवायला नेहमीचा कप्पाच दिलेला नाही! रोजचा प्रवास लांबचा आणि सरळ रस्त्याचा असेल, मागे लहान मुलं बसवायची असतील, तर मस्टँग घेणारा मूर्ख नाही. डिकीही तिची मोठी. पण मग गाडी प्रवासाची घेतली असं म्हणावं. घोड्यांची आकडेवारी सांगत बसू नये. आणि २०२४ च्या पिढीपासून त्या चार सिलिंडरच्या मस्टँगला हाताचे गिअरच मिळत नाहीत, यावरून तिचा कल कुठे चाललाय ते दिसतंच.

राहता राहिला घसारा. कुठलीही मोटार दुकानाच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. मिआटा आणि ८६ या त्यातल्या त्यात भाव धरून राहतात. जुन्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक असतं. वजन कमी, म्हणून टायर आणि ब्रेक स्वस्तात सुटतात. वीस-तीस डॉलरांचे हे हिशेब मासिकं छापत नाहीत, पण दर महिन्याला द्यावे लागतात ते हेच.

ताईच्या सीटचा प्रश्न मी सर्वांत शेवटी घेतला, कारण तो सर्वांत खरा होता. ८६ ला मागे दोन सीटा आहेत असं कंपनी म्हणते. त्यांवर ताई बसू शकणार नाही. तिची पर्स बसेल. मिआटात पर्सही मांडीवर घ्यावी लागेल. पण ताई आणि भाऊजी तिकडे जाणार दोन वर्षांतून एकदा, दीड महिना. त्या दीड महिन्यात भाड्याची मोठी गाडी घेतली तर जो खर्च येतो, तो मोठी गाडी दोन वर्षं पोसण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी भरतो. पाहुण्यांसाठी आपण घरात वर्षभर दहा गाद्या अंथरून ठेवत नाही. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, “तू त्याच्याच बाजूचा.” मी म्हटलं, “मी बेरजेच्या बाजूचा.” पण खरं सांगायचं तर बेरजेत एक आकडा मी मुद्दाम धरला होता, जो आमच्या पिढीने कधी धरला नाही. पोरगं एकोणतीस वर्षांचं आहे, कर्ज स्वतः फेडलं आहे, आणि वळणावर गाडी वळवताना त्याला जो आनंद होईल त्याला काहीतरी किंमत आहे. शून्य नक्कीच नाही. आम्ही तो रकाना आजवर रिकामा सोडत आलो, म्हणून आमचे ताळेबंद जुळत गेले.

तेव्हा माझा निकाल असा. ज्याला गाडी एकच ठेवायची आहे आणि अधूनमधून दोन पिशव्या मागे टाकायच्या आहेत, त्याने ८६ घ्यावी. ज्याचे रस्ते सरळ आणि लांब आहेत, त्याने मस्टँग. भाच्यासारखा डोंगराच्या अलीकडे राहणारा, एकटा, कर्जमुक्त आणि मध्यम उंचीचा माणूस असेल तर मिआटा, हाताच्या गिअरची, आणि ज्याने नियमित तेल बदलल्याच्या पावत्या जपल्या आहेत अशा मालकाकडून. जरा घासाघीस करावी. जे वाचेल त्याचे चांगले टायर घ्यावेत. आणि पुढे कप्पा नाही, तेव्हा विम्याचे कागद खिशात ठेवावेत.